नणंदेनं दिलेली स्ट्रिप

या खेपेला आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त मुरमांवरच्या एकाच औषधाची निघाली : आयसोट्रेटिनॉइन. नाव उच्चारायला जड, त्यामुळे बेळगावात या गोळीला नावानं कुणी ओळखत नाही. ‘मुरमांची पॉवरवाली’, ‘ओठ सुकवणारी’, ‘ती तेलाची कॅप्सूल’, अशी माझ्या दवाखान्यात तिची नावं. केस गळणं आणि नायटा यांची पत्रं म्हणून पुढच्या अंकात.

खानापूरकडच्या वहिनींचं पत्र सगळ्यात आधी घेते. त्यांना अंक निघेपर्यंत थांबवणं शक्य नव्हतं, उत्तर त्याच दिवशी फोनवर दिलं. इथे छापतेय ते त्यांना विचारून.

प्रश्न : मॅडम, माझं वय २६. गाव खानापूर तालुक्यात, लग्नाला दोन वर्षं झाली. धाकटी नणंद बेळगावला कॉलेजात आहे. तिच्या तोंडावर मोठमोठ्या गाठी यायच्या, औषध घेऊन चेहरा एकदम साफ झाला. तिच्याकडे एक स्ट्रिप उरली होती. ‘वहिनी, तुझ्या हनुवटीवर येतात की, घे,’ म्हणाली. २० मिलीग्रॅमची, रोज एक, अशा दहाच्या दहा घेतल्या. शेवटची घेऊन बारा दिवस झाले. काल यांनी स्ट्रिपच्या मागचं इंग्रजी वाचून दाखवलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. आम्ही याच महिन्यापासून मूल होऊ द्यायचं ठरवलंय. पाळीला चार दिवस आहेत. नणंद रडायला लागलीय, सासूबाईंना सांगितलेलं नाही. काय करू?

उत्तर : पहिलं, नणंदेला रडायचं थांबवायला सांगा. तिनं चूक केली, पण मायेनं केली. दुसरं, पाळी चुकली तर त्याच दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करा. ‘नाही’ आली तरी आठवड्यानं पुन्हा करा, कारण सुरुवातीला चाचणी फसवू शकते. पाळी नेहमीसारखी आली तर प्रश्न मिटला. फक्त शेवटच्या कॅप्सूलपासून पूर्ण एक महिना होईपर्यंत कंडोम वापरा. त्यानंतर खुशाल चान्स घ्या. औषध तोवर अंगातून निघून गेलेलं असतं, पुढच्या बाळाला किंवा पुढं दिवस राहण्याला त्याचा त्रास होत नाही.

चाचणी ‘हो’ आली तर मात्र घरात कुजबुजत बसायचं नाही, आणि कुणी सांगितलेला काढा तर मुळीच प्यायचा नाही. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं आणि तीन गोष्टी कागदावर लिहून न्यायच्या : औषधाचं नाव, डोस, पहिल्या आणि शेवटच्या कॅप्सूलची तारीख. हे औषध पोटात असताना दिवस राहिले आणि गर्भ टिकला, तर शंभरातल्या वीस ते पस्तीस बाळांत जन्मजात दोष सापडतात. कान नसणं किंवा अर्धवट असणं, जबडा, टाळू, हृदय, मेंदू. गर्भपाताचं प्रमाणही वाढतं. आणि ‘दहाच घेतल्या, कमीच होत्या’ याला इथे अर्थ नाही. अमुक डोसपर्यंत धोका नाही, अशी रेघ या औषधाला नाही. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बरंच दिसतं, पण सगळं दिसत नाही, हेही तज्ज्ञांकडून समजून घ्या. पुढं काय करायचं हा निर्णय तुमचा आणि तुमच्या यजमानांचा. कायदा त्यासाठी जागा ठेवतो. नणंद, सासू आणि मी, आम्ही तिघी त्यात नाही.

वहिनींचं उत्तर इथे संपलं. पण पत्र वाचून माझी जुनी जखम उघडली, तीही सांगते.

प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षी माझ्याकडे एक मुलगी आली. दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्यात तिचं हेच औषध चालू होतं. तिच्या फायलीत संमतीपत्र होतं, खाली तिची झोकदार मराठी सही. मी विचारलं, ‘यात काय लिहिलंय ग?’ म्हणाली, ‘ठाऊक नाही, इंग्रजी आणि कन्नड होतं. सही कर म्हणाले, केली.’ तिचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं आणि सासरी पोचल्यावरही गोळी चालू ठेवायचा तिचा बेत होता, कारण लग्नाच्या फोटोनंतर सत्यनारायणाचेही फोटो असतात. आम्ही गोळी तिथेच थांबवली आणि महिनाभराची काळजी समजावली. वेळेवर आली म्हणून निभावलं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथं चालू दे. गर्भाला तारखा पडत नाहीत. त्या आठवड्यात मी एका कागदाच्या एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला, माझ्या कंपाउंडर मावशींच्या मदतीनं, कन्नडमध्ये इशारे लिहून काढले. आजही गोळी लिहिण्याआधी तो कागद पेशंटला मोठ्यानं वाचायला लावते. मुलगी असेल तर आईला पाच मिनिटं बाहेर बसवते. आया रागावतात. ‘आमची पोरगी तसली नाही,’ म्हणतात. तसली-अशीचा प्रश्नच नाही हो. विवाहित असो वा नसो, गोळी सुरू करण्याआधी लघवीची चाचणी, सुरुवात पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि संबंध येत असतील तर आधी एक महिना, गोळी चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर एक महिना दोन-दोन उपाय एकत्र : तांबी किंवा माला-एनसारखी गर्भनिरोधक गोळी, आणि सोबत कंडोम.

एक सांगायचं राहिलं. शरीर स्वतःच अ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक आम्ल बनवतं आणि गर्भात कान कुठं, जबडा कुठं, हृदयाच्या नळ्या कशा वळायच्या याचे निरोप त्यातून जातात. ही गोळी त्याच आम्लाची सख्खी बहीण. बाहेरून तोच निरोप शंभर जणांनी एकदम ओरडून दिला की गवंडी गोंधळतो आणि भिंत भलतीकडे उभी राहते. हे घडतं ते पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा बाईला दिवस गेल्याचं अजून कळलेलंही नसतं.

प्रश्न : मी निपाणीचा निवृत्त शिक्षक. मुलीला ही गोळी लिहून दिली आहे. मेहुणे म्हणतात, अमेरिकेनं हिच्यावर बंदी घातली आणि उरलेला माल आपल्याकडे खपवतात. खरं काय?

उत्तर : गुरुजी, मेहुण्यांनी अर्धीच गोष्ट ऐकलीय. हे औषध अमेरिकेत १९८२ मध्ये ‘अ‍ॅक्युटेन’ नावानं आलं. रोश कंपनीनं. २००९ मध्ये रोशनं तिथं ते नाव विकणं बंद केलं, कारण स्वस्त जेनेरिक आली होती आणि कोर्टातले दावेही अंगावर होते. औषध गेलं नाही, बाकीच्या कंपन्या ते तिथं आजही विकतात. उलट २००६ पासून तिथं ‘आयप्लेज’ नावाची नोंदणी सक्तीची आहे. डॉक्टर, दुकानदार, पेशंट तिघांचीही नावं त्यात असतात, आणि एका वेळी महिनाभराहून जास्त माल हाती पडत नाही. मूल होऊ शकणाऱ्या बाईची गर्भचाचणी ‘नाही’ आल्याशिवाय दुकानदार कॅप्सूल देत नाही.

आपल्याकडे ही शेड्यूल एच मधली, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायची. पण ती चिठ्ठी कुठली? दोन वर्षांपूर्वीची, कोपरे फाटलेली, तीही व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो. कोल्हापूरला शिकणाऱ्या मुलीची चिठ्ठी बेळगावातल्या आत्तेबहिणीला चालते, गोव्यात कामाला असलेला भाऊ म्हापशाहून सहा स्ट्रिपा घेऊन येतो. गुरुजी, मेहुण्यांनी माल खपवण्याची काळजी सोडावी. कोण कुणाची स्ट्रिप घेतंय, तेवढं बघावं.

आता तुमच्या मुलीचा हिशेब. वजन ५५ किलो लिहिलंय. पूर्ण कोर्ससाठी साधारण किलोला १२० ते १५० मिलीग्रॅम एकूण जावं लागतं. म्हणजे कमीत कमी ६,६०० मिलीग्रॅम. रोज २० घेतली तर ३३० दिवस, रोज ४० घेतली तर १६५. लोक दोन महिन्यांत चेहरा बरा दिसला की सोडतात आणि सहा महिन्यांनी ‘गोळी फेल गेली’ म्हणून येतात. गोळी बिचारी अर्ध्या वाटेवर सोडलेली असते. मध्यम मुरमांसाठी कमी डोसनंही आम्ही देतो, पण तो हिशेब वेगळा आणि तो डॉक्टरनंच करायचा. पहिल्या तीन-चार आठवड्यांत मुरमं उलट वाढू शकतात, हेही मुलीच्या कानावर घालून ठेवा. तेवढ्यासाठी रात्री दहाला फोन येतात मला.

प्रश्न : वय १९, येळ्ळूरजवळचं गाव. भरतीची तयारी करायलोय. रोज पहाटे सोळाशे मीटर आणि संध्याकाळी जिम. तीन महिने ४० ची कॅप्सूल चालू आहे. पाठीत आणि पोटऱ्यांत लई दुखतंय. रक्त तपासलं तर ट्रायग्लिसराइड ४१२ आलं. जिममधले म्हणतात, ही गोळी घेतलास तर बाप होणार नाहीस. सोडू का?

उत्तर : बाप होण्याचं आधी मिटवू. पुरुषाच्या बीजावर या गोळीचा वाईट परिणाम दिसलेला नाही. जिममधल्यांनी त्यापेक्षा त्यांच्या डब्यातलं काय काय आहे ते सांगावं. तू व्हे पावडर घेतोस असं खाली बारीक अक्षरात लिहिलंस, ते मी वाचलं. काही पोरांना त्या पावडरीनंच मुरमं उसळतात. आणि कुणी ‘साइज’साठी इंजेक्शन देऊ केलं तर ते मुरमांचं खत आहे असं समज. शरीराचं काय करतं ते त्याहून वाईट.

दुखण्याचं कारण खरं आहे. जोराचा व्यायाम करणाऱ्यांना या गोळीनं स्नायू आणि पाठ दुखते, रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंवरचा ताण दाखवणारा आकडा, वाढतं. लष्कराच्या मराठा सेंटरच्या बाजूला पहाटे पळणारी निम्मी पोरं मला तोंडावरून ओळखीची आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांनी हीच तक्रार केलीय. पळणं सोडायची गरज नाही. पण तुझ्या डॉक्टरांना सांग, ते डोस निम्म्यावर आणतील. वजन उचलायचं महिनाभर हलकं कर. लघवी काळपट, चहाच्या अर्कासारखी झाली किंवा पाय उचलवेना असं दुखलं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, गोळी बंद. हे क्वचित होतं, पण मूत्रपिंडावर जातं.

आणि ते ४१२, म्हणजे रक्तातल्या चरबीचा आकडा. रक्त कधी दिलंस? तुझ्या पत्रावरची तारीख बघून मला शंका आली म्हणून विचारते : आदल्या रात्री जत्रा होती ना? माझ्याकडे एक असाच आला होता, ४०० च्या वरचा आकडा आणि रडवेला चेहरा. खोदून विचारल्यावर कळलं, रात्री अकराला तांबड्या रश्शासोबत बोकड आणि सकाळी सातला लॅब. बारा तास उपाशी राहून पुन्हा दे. दीडशेच्या आत चांगलं. उपाशीपोटीही चारशेच्या आसपास राहिलं तर डोस कमी आणि खाण्यात बदल. पाचशेच्या वर गेलं तर डॉक्टर गोळी थांबवतील, कारण स्वादुपिंडाला सूज येण्याचं भय असतं. दारू घेत नाहीस असं धरून चालते. घेत असशील तर आता नाही. लिव्हरचं एसजीपीटी त्याच वेळी बघून घ्यायचं. ही दोन्ही रक्तं गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर महिना-दोन महिन्यांनी एकदा, एवढी पुरतात बहुतेकांना.

भरतीच्या मेडिकलला औषध चालू असल्याचं लपवू नकोस. ताकदीची म्हणून अ जीवनसत्त्वाची वेगळी गोळी घेत असलास तर बंद कर, दोघी एकाच घरातल्या, एकत्र आल्या की डोकं दुखतं. गाजर खा हवी तेवढी, त्यानं काही होत नाही.

प्रश्न : मी बेळगावहून गोव्याला भाजीची गाडी नेतो. रात्री दीडला मार्केटमधून निघून चोर्ला घाटातून पहाटेपर्यंत पोचायचं. पाठीवर आणि जबड्यावर मोठ्या गाठी, पू येतो. डॉक्टरांनी गोळी दिली, पण ‘रात्री नीट दिसतं का बघा’ एवढंच बोलले. हे काय?

उत्तर : दादा, तुमच्या डॉक्टरांचे मी आभार मानते, एवढंही बरेच जण बोलत नाहीत. पण एवढ्यानं तुमचं भागत नाही.

अंधारात दिसायला डोळ्याच्या पडद्याला अ जीवनसत्त्व लागतं, आणि ही गोळी तिथंच मध्ये येते. सगळ्यांना होत नाही, थोड्यांना होतं. पण होतं ते कधी कधी अचानक : काल घाटात सगळं स्पष्ट होतं, आज वळणावरचा दगड उशिरा दिसला. शिवाय डोळे कोरडे पडतात, समोरून ट्रकचा हेडलाइट आला की चकाकी पसरते. ऑफिसात बसणाऱ्या माणसाला मी हे दोन वाक्यांत सांगून सोडते. तुम्हाला मी सरळ विचारते : सहा महिने दिवसाची फेरी मिळेल का? जवळच्या भाड्याची? मिळत असेल तर गोळी घ्या, कारण पाठीवरच्या अशा गाठी व्रण ठेवून जातात आणि त्यांना याहून चांगलं औषध माझ्या माहितीत नाही. मिळत नसेल तर तुमच्या डॉक्टरांना जाऊन सांगा की माझी रात्रीची ड्युटी आहे. दुसरा मार्ग आहे : डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी काही आठवडे, वर लावायला बेंझॉइल पेरॉक्साइड आणि अ‍ॅडापेलीन. वेळ जास्त लागेल, गुण थोडा कमी येईल, पण घाटात डोळा शाबूत राहील. फक्त दोन्ही एकत्र घ्यायचे नाहीत. डॉक्सिसायक्लिन आणि ही कॅप्सूल बरोबर घेतल्यानं कवटीतला दाब वाढू शकतो. डोकं फुटल्यासारखं दुखणं, उलट्या, दोन-दोन दिसणं, ही त्याची लक्षणं. नुसत्या कॅप्सूलनंही असं झालं तर ती बंद करून लगेच दवाखान्यात. तुमच्या शर्टाच्या खिशात दोन्ही गोळ्या एकत्र निघाल्या असं व्हायला नको.

ड्रायव्हर लोक रस्त्यातल्या मेडिकलमधून घसा दुखतो म्हणून काहीही उचलतात, म्हणून हे लांबवलं.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा, बारावी सायन्स. गोळी सुरू होऊन दोन महिने झाले. तोंड सुधारतंय, पण मुलगा गप्प गप्प राहतो, जेवताना उठून जातो. नेटवर वाचलं की या गोळीनं मुलं आत्महत्या करतात. मला झोप नाही. (टिळकवाडी)

उत्तर : आई, तुम्हाला झोप का नाही ते समजतं. खोटा धीर देणार नाही.

मोठमोठ्या अभ्यासांत एकूणात या गोळीनं नैराश्य किंवा आत्महत्या वाढल्याचं दिसत नाही. उलट चेहरा सुधारला की बऱ्याच मुलांचं मन सुधारतं. गंभीर मुरमं हीच मनाला खाणारी गोष्ट आहे. मी स्वतः अकरावीत असताना वर्गात डाव्या हातानं गाल झाकून बसायचे, बाईंना वाटायचं दाढ दुखते. पण सरासरी म्हणजे तुमचा मुलगा नव्हे. काही थोड्यांत गोळी सुरू झाल्यावर मन उतरलेलं आढळलंय, म्हणूनच स्ट्रिपसोबतच्या कागदावर तो इशारा आहे. ब्रिटनमध्ये २०२३ मध्ये नियम आला, की अठराच्या आतल्या मुलाला ही गोळी सुरू करायची तर दोन डॉक्टरांचं एकमत हवं. आपल्याकडे तसं नाही, म्हणून ते दुसरं मत तुम्ही घ्यायचं.

आज रात्री त्याच्या खोलीत जा. ‘अभ्यास कसा चाललाय’ नको. ‘तुला जगणं नकोसं वाटतं का रे?’ असं थेट विचारा. विचारल्यानं मुलाच्या डोक्यात ती कल्पना शिरते, हा समज चुकीचा आहे. विचारलं की मुलं बोलतात. उत्तर ‘हो’ असलं, किंवा झोप उडालीय, मित्र तोडलेत, आवडीचं सगळं सुटलंय असं असलं, तर उद्याची कॅप्सूल देऊ नका. ही गोळी एकदम थांबवली तरी काही बिघडत नाही. त्वचेच्या डॉक्टरांना कळवा आणि मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. रात्री-बेरात्री टेलिमानस, १४४१६, सरकारी आणि फुकट. घरात एकटं सोडू नका. उत्तर ‘नाही’ आलं, नुसता बारावीचा ताण असला, तरी दर पंधरा दिवसांनी हाच प्रश्न पुन्हा विचारा. मुरमं गेली तर गेली, राहिली तर राहिली, चेहऱ्याचं आम्ही नंतर बघू.

आता भराभर काही :

ओठांसाठी आठ पत्रं आहेत. ओठ फुटणं ही या गोळीची सहीच आहे, जवळजवळ सगळ्यांना होतं. न फुटले तर मीच विचारते, गोळी घेतेस ना नक्की? साधं पेट्रोलियम जेली दिवसातून आठ-दहा वेळा, जिभेनं चाटायचं नाही. नाकातून रक्त येत असेल तर तेच बोटाच्या टोकावर घेऊन नाकाच्या आत हलकं लावा. मार्गशीर्षातल्या कोरड्या वाऱ्यात हे वाढतं, पावसाळ्यात आपल्या गावात कमी.

शहापूरच्या ताई, श्रावणी सोमवारी गोळी कशी घ्यायची, असं विचारता. ही कॅप्सूल स्निग्ध जेवणाबरोबरच अंगी लागते. रिकाम्या पोटी घेतली तर निम्मीसुद्धा रक्तात जात नाही. उपास सोडताना, लोण्याबरोबर भाकरी किंवा तुपाच्या भातावर घ्या. एखादा सोमवार चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. आणि कॅप्सूलमधलं तेल बहुधा सोयाबीनचं असतं, त्यामुळे सोया किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांना सांगायचं.

चिकोडीच्या आईंना : लेकीचं लग्न वैशाखात आहे म्हणून पार्लरवाल्या बाईंनी वॅक्सिंगची तारीख दिलीय. नाही. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर सहा महिने वॅक्स नको, त्वचा मेणाबरोबर सोलून येते. दोऱ्यानं भुवया करा. खड्ड्यांसाठीच्या लेझरचं आता पूर्वीइतकं वावडं राहिलेलं नाही, पण ते मंडपाआधी घाईनं उरकायचं काम नव्हे. आणि त्याच आईंचा दुसरा प्रश्न, ‘जावईबापूंना सांगावं का?’ सांगावं. मुलं कधी व्हायला हवीत, हे त्यांच्याशीही बोलावंच लागणार आहे.

सोरायसिससाठी असिट्रेटिन घेणाऱ्या गृहिणींनी मात्र माझं ‘एक महिना’ उचलू नये. ती याच घराण्यातली थोरली. तिथं बंद केल्यावर तीन वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात.

‘यजमान कॅप्सूल घेतात आणि मला तिसरा महिना आहे,’ असं घाबरून लिहिणाऱ्या अनगोळच्या ताई : वीर्यातून जाणारं औषध नगण्य असतं, त्यानं बाळाला दोष झाल्याचं दिसलेलं नाही. निर्धास्त राहा. फक्त त्यांची स्ट्रिप तुमच्या रक्तवाढीच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका.

प्रश्न : मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती, आठ दिवसांत गोरी झाले आणि मुरमं बसली. आता थांबवली की चेहरा लाल होऊन आग आग होते, पुन्हा लावली की बरं वाटतं. दीड वर्ष झालं. ही कॅप्सूल घेऊ का? (खडेबाजारजवळ)

उत्तर : नको. तुमच्या तोंडावर आता मुरमांपेक्षा त्या ट्यूबचा आजार आहे. त्यात स्टेरॉइड असतं, बेटामेथासोन नाहीतर क्लोबेटासोल, सोबत बुरशीचं आणि जंतूचं औषध घालून ‘सगळ्यावर चालणारी’ केलेली. पहिले आठ दिवस जादू, मग त्वचा पातळ, शिरा दिसू लागतात, केस उगवतात, आणि नवी मुरमं त्या स्टेरॉइडचीच. एकदम बंद केली की लाली उसळते. म्हणून हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची. दोन-तीन महिने वाईट जातील. त्या दिवसांत उन्हात छत्री, तोंडाला फक्त साधं मॉइश्चरायझर, आणि शेजारणीनं सांगितलेली हळद-लिंबू बंद. आग जास्त असली तर स्वच्छ फडकं थंड पाण्यात बुडवून. कॅप्सूल लागेल की नाही ते त्वचा शांत झाल्यावर बघू.

प्रश्न : मॅडम, ती नणंद मी. वहिनीला काल पाळी आली. आईला सगळं सांगितलं, दोन दिवस बोलली नाही, आता बोलते. माझ्याकडे अजून चार कॅप्सूल आहेत, आणि अजून एक अख्खी स्ट्रिप मैत्रिणीकडे आहे, तिला पण मीच दिली होती. तिचं काय करू? आणि पुढच्या आठवड्यात कॉलेजात रक्तदान शिबिर आहे, माझी शेवटची कॅप्सूल १८ दिवसांपूर्वीची. जाऊ का?

उत्तर : रक्त नको, अजून नाही. शेवटच्या कॅप्सूलपासून पूर्ण महिना जायला हवा. तुझी बाटली एखाद्या गरोदर बाईला चढली तर? शिबिरात नाव नोंदवायला, बिस्किटं वाटायला जा.

मैत्रिणीकडे आजच जा. फोन नको, जा. तिनं किती घेतल्या ते विचार, पाळीची तारीख विचार, आणि वहिनींना मी जे सांगितलं तेच तिला सांग. स्ट्रिप परत घे. चार इकडच्या आणि उरल्या असतील तेवढ्या तिकडच्या, सगळ्या माझ्याकडे आण. कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नकोस. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात अशा परत आलेल्या स्ट्रिपांची एक बरणी आहे, महिन्याच्या शेवटी ती दवाखान्याच्या कचऱ्याच्या गाडीत जाते.

वहिनींची हनुवटी मला बघायचीय. पाळीच्या आधी तिथंच उठत असतील तर कदाचित साध्या लावायच्या औषधावर भागेल. दोघी एकत्र या. दुपारी एक ते चार बंद असतं, खानापूरची बस धरायची असेल तर सकाळी अकराच्या आत पोचा.